मूठ सोडायच्या आधी

बाळा,

तुझा निरोप वाचला. तुझ्या आजीच्या हातचं सगळं लिहून घ्यायचं, पुण्यात खोलीवर करून खायचं आणि पुढे घरातल्या लेकरांसाठी त्याची एक वही करायची, असं तू ठरवलंयस. तुला शिकवलेली बाई म्हणून मला फार बरं वाटलं. आजीनं ऐंशी ओलांडली आहे. दिवाळीची वाट बघू नकोस, जोडून दोन सुट्ट्या मिळाल्या की गावाकडं ये.

माझ्या हातून झालेली चूक तुझ्या हातून होऊ नये, म्हणून ती आधी सांगते. माझी माय येसर, म्हणजे आमटीचा भाजून कुटलेला मसाला, फार चांगलं करायची. घरात लग्न निघालं की आठ दिवस आधी अंगणात तीन दगडांची चूल मांडायची. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजायची आणि उखळात कुटायची. त्याची आमटी उकळायला लागली की शेजारच्या आळीतून माणसं विचारायला यायची. डीएडला असताना मी एकदा वही घेऊन तिच्यापुढं बसले. जिनसा लिहिल्या, मापं लिहिली, वही मिटली. माय गेल्यावर त्या वहीवरून तीनदा येसर केलं. वाईट नव्हतं झालं, पण आमच्या घरचं नव्हतं. शेवटी मावशी राहायला आली. तिनं वही बघितलीसुद्धा नाही. एक घास खाल्ला आणि विचारलं, "तेल कोणतं गं हे?"

आमच्या घरात करडईचं तेल असायचं, घाण्यावरचं. रब्बीच्या ज्वारीला कडेनं करडईची तासं असायची. काटेरी पीक, त्यामुळं जनावरं आत शिरत नसत. त्याच करडईचं वर्षभराचं तेल निघायचं. मायला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, कारण तेल म्हणजे करडईचं, दुसरं कोणतं असतं? आणि मी विचारलं नाही. पुढं आपल्या लातूरकडं सोयाबीन आलं, शेतं बदलली, पिशवीतलं तेल आलं, आणि चव कुठं गेली हे आम्ही मसाल्यात शोधत बसलो.

म्हणून तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर कृती नको. आजीच्या माहेरी आणि सासरी शेतात काय काय पिकत होतं, ते लिही. ज्वारी कोणती होती? मालदांडी असेल तर तसं लिही. तूर घरची होती का? जवस, कारळं, हुलगे कुठं पेरायचे? चिंच कोणत्या झाडाची? विहिरीचं पाणी मचूळ होतं का गोडं? त्या पाण्यावर डाळ शिजायला किती वेळ लागायचा, हेसुद्धा विचार. निम्मी चव या पानावर असते.

आता विचारायचं कसं. "आजी, शेंगुळे कसे करतेस?" असं विचारलंस तर ती म्हणेल, "त्यात काय, सगळे करतात तसेच." एवढ्या वर्षांत तिला कुणी हे विचारलेलं नाही, त्यामुळं तिच्याजवळ तयार उत्तर नाही. तिला दिवस विचार. पाऊस लागून राहिला आणि जळण भिजलं तेव्हा काय शिजायचं? अवेळी पाहुणे आले तर? बाळंतिणीला पहिल्या दिवशी काय दिलं? ताप आल्यावर हुलग्याचं माडगं कोण करायचं? माणसं आठवली की पदार्थ आपोआप मागं येतात. मोबाईलवर आवाज भरून घे, पण मोबाईल तिच्या तोंडासमोर धरू नकोस. डाळीच्या डब्याला टेकवून ठेव आणि लसूण सोलायला बस. हात कामात असले की तोंड मोकळं होतं.

प्रमाण मात्र विचारूच नकोस. येताना एक छोटा वजनकाटा आण. ती मूठ भरून पीठ घेईल, तेव्हा सोडायच्या आधी म्हण, "आजी, जरा इथं टाक." ती हसेल, एखादेवेळी चिडेलही. टाकू दे, आकडा लिही, मग पुढं. तिची मूठ तुझ्या मुठीएवढी नाही. "दोन मुठी" असं लिहून ठेवलंस तर पुण्यात तुझ्या दोन मुठी पडतील आणि सगळं बिघडेल.

भाकरीला एक पूर्ण दिवस दे. नुसतं बघ. पहिल्या दिवशी पिठाला हातही लावू नकोस. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळं सगळा खेळ पिठाच्या ताजेपणावर आणि मळण्यावर असतो. काठवटीत ती पिठाचं आळं करते, पाणी ओतते आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं रेटत रेटत मळते. बोटांनी नाही. एका भाकरीपुरतंच मळते, नीट लक्ष दे. थापताना उजवा हात थापतो आणि डावा कडेनं फिरत कड सांभाळतो. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवते. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची, हा क्षण वहीत लिहिता येत नाही. मी लहानपणी तो मायच्या बांगड्यांवरून ओळखायचे. थापताना बांगड्या एका ठेक्यात वाजायच्या, पाणी फिरवताना गप्प व्हायच्या, आणि परत खळ्‌कन वाजल्या की भाकर उलटलेली असायची. मग चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यापुढं उभी केली की टम्म फुगायची. तुझ्या खोलीवर पीठ महिनाभर पडून राहील आणि त्याची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, जाईल. तेव्हा उकळतं पाणी घालून मळ, भाकर चिरणार नाही.

हे झालं करण्याचं. पण माझं खरं सांगणं खाण्याबद्दल आहे. कोण कधी जेवायचं, कुठं बसायचं, कुणाच्या ताटात आधी पडायचं, हे प्रत्येक पदार्थाखाली लिही.

मी दहा वर्षांची होते तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडला. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि माय दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकर थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी वाटायचे, ती अण्णा आणि माय फडक्यात बांधून आमच्यासाठी आणायचे. सुकडी गोड होती, त्यामुळं आम्हा भावंडांना दुष्काळ गोड आठवतो. ते दोघं दुपारी काय खात होते, हे मी पन्नाशी गाठेपर्यंत कुणालाच विचारलं नाही.

आणखी एक. रात्री सगळ्यांचं झालं की कालवणाच्या रिकाम्या पातेल्यात माय भाकर कुस्करायची. कडेला लागलेलं तिखट, बुडाचा तेलाचा तवंग, सगळं त्या भाकरीनं पुसून घ्यायची. आम्ही जेवून उठलेलो असायचो, तरी धावत जायचो. त्या घासासारखं चविष्ट मी अजून काही खाल्लेलं नाही. ती आम्हाला एकेक घास भरवायची आणि आम्ही अजून मागायचो. ते तिचं जेवण होतं, बाळा. पातेल्यात दुसरं काहीच उरलेलं नसायचं. हे मला माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, लग्नानंतर, एका रात्री रिकामं पातेलं हातात असताना कळलं.

म्हणून आजीला हळूच विचार, "आजी, तू कधी जेवायचीस?" ती लगेच उत्तर देणार नाही, विषय बदलेल. तू घाई करू नकोस, पण विचारल्याशिवाय परत जाऊ नकोस. आणि जे सांगेल ते गोड करून लिहू नकोस. लहानपणचं खाणं आठवलं की आपण सगळे हळवे होतो, मीही होते. पण घरातल्या लेकरांना वही द्यायची, तर त्यात हुरडा भाजायची आगटी जशी येईल तसं ते रिकामं पातेलंही यावं.

हुरड्याचं, धपाट्यांचं मी इथं लिहीत नाही, ते आजी सांगेलच. मार्गशीर्ष अमावस्येला, आपल्या येळवशीला मात्र आमच्या शेतात ये. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, असेल, आत पाच पांडव म्हणून पाच दगड पूजेला मांडलेले असतील. चुका, मेथी, पात, ओला हरभरा, हाताला लागेल ते घालून केलेली भज्जी असेल. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदगीत आंबील. त्या दिवशी शेत नसलेला माणूसही कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवतोच, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. आजीला गाडीतून आणता आलं तर आणच. तिची भज्जी माझ्याहून चांगली होते. चुलीपुढं तिलाच बसवू, जळण मी पुरवीन, तू वजनकाटा घेऊन शेजारी बस. आणि त्या दिवशी आजीला पहिल्या पंगतीला बसवायचं. वाढायचं काम तुझं.

तुझ्या बाई