एल्फांची प्रजाती, वंश की कूळ?

प्रश्न असा आहे: धरमपेठेतले काही पोट्टे दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून कल्पित पात्रं वठवण्याचा खेळ, खेळतात, तेही मराठीतून. शाबास. खेळात एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क, हाफलिंग असे नाना तऱ्हेचे लोक एका राज्यात राहतात. या तऱ्हेला इंग्रजी नियमपुस्तकात आधी ‘रेस’ म्हणत, २०२४च्या पुस्तकात ‘स्पीशीज’ झालं. तर मराठीत ‘वंश’ ठेवावं की ‘प्रजाती’ करावं? आणि हे सगळे ‘गुण्यागोविंदाने नांदतात’ असं लिहिलं तर पटेल का?

‘प्रजाती’ आधी काढून टाका. हा शब्द कानावर पडला की माझं डोकं उठतं, आणि नागपुरात तो उठताबसता पडतो. वाघाची प्रजाती, संत्र्याची प्रजाती, सगळ्याचीच प्रजाती. मराठी शाळेतल्या जीवशास्त्राची उतरंड अशी: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. स्पीशीजला मराठी शब्द ‘जाती’. ‘प्रजाती’ ही तिच्यावरची पायरी, म्हणजे जीनस. पँथेरा ही प्रजाती. तिच्यात वाघ ही एक जाती, सिंह दुसरी, बिबट्या तिसरी. हिंदीत मात्र स्पीशीजला ‘प्रजाति’ म्हणतात आणि जीनसला ‘वंश’. आपल्याकडे बातम्या हिंदीतून, जंगलावरचे माहितीपट हिंदीतून, म्हणून शब्द तिकडून आला आणि येताना तिकडचाच अर्थ घेऊन आला. पहिली वेलांटी दुसरी केली की शब्द मराठी झाला, असं कुणाला वाटतं कोण जाणे.

मग ‘जाती’ म्हणायचं? पात्राच्या कागदावर ‘नाव अमुक, जात ऑर्क’ असा रकाना या गावात कोणी छापणार असेल तर मी त्या टेबलाशी बसणार नाही. शिवाय शास्त्राच्या कसोटीलाही ते उतरत नाही. २०१४च्या नियमांत एल्फ आणि माणसाची मुलं होतात, हाफ-एल्फ म्हणून तीही खेळायला मिळतात. ज्यांची मुलं होतात आणि त्या मुलांचीही पुढे होतात, त्या दोघांना जीवशास्त्राची नेहमीची व्याख्या वेगळी जाती मानत नाही. २०२४च्या पुस्तकात ‘स्पीशीज’ आले आणि हाफ-एल्फ गेले. काय ते समजा.

‘वंश’ म्हणजे मुळात वेळू. त्यावरूनच छपराचा वासा, त्यावरूनच बासरी. पेरावर पेर चढत जातं तशी पिढीवर पिढी. शब्द देखणा आहे, पण तो फक्त उभा जातो: कोण कोणाच्या पोटचा, एवढंच सांगतो. तुम्हाला हवं आहे आडवं नातं, शेजारचं. ‘योनी’ तर अमरकोशातलाच शब्द. विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध, भूत अशा दहा देवयोनी एका श्लोकात बसवल्या आहेत. पण खेळात तो उच्चारला की पुढची दहा मिनिटं हशातच जातील. सोडा.

आता खरा शब्द. कूळ!

कूळ म्हणजे घराणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. पण मराठीत दुसऱ्याची जमीन कसणारा तोही कूळच. सावकाराच्या वहीतला ऋणको तोही कूळ. घराणं, खंडकरी आणि कर्जदार या तिघांना एक शब्द कसा? इथे मनुस्मृतीचा सातवा अध्याय उघडा, श्लोक ११९: ‘दशी कुलं तु भुञ्जीत’. दहा गावांच्या अधिकाऱ्याने एक ‘कुल’ उपभोगावं. एक कुटुंब उपभोगावं असा अर्थ नाही, घाबरू नका. इथे कुल हे जमिनीचं माप आहे. टीकाकार कुल्लूक सांगतो, सहा-सहा बैलांच्या दोन नांगरांनी वाहिली जाईल एवढी जमीन म्हणजे कुल. (बारा बैल! आपल्या काळ्या मातीत नांगर घातलेल्यांना हे अतिशयोक्त वाटणार नाही.) म्हणजे एका घराचं पोट भरेल एवढा तुकडा. आधी घर, मग घराला पुरणारी जमीन, मग त्या जमिनीला बांधलेलं घर, मग त्या घरावर बसलेला सारा आणि थकलेली बाकी. तीन अर्थ नव्हेत, एकाच शब्दाचा प्रवास आहे, आणि तो वरून खाली उतरत जातो.

‘कुळकर्णी’सुद्धा याच वाटेवरचा. करण म्हणजे लेखनिक, दफ्तर ठेवणारा; कुळांचं दफ्तर ठेवणारा तो कुळकर्णी. ‘कुळाचे कान’ असा अर्थ कर्णावरून काढणारे अजून भेटतात, त्यांनी कान तपासून घ्यावेत. ‘कुल म्हणजे एकूण, अरबीतून’ म्हणणाऱ्यांना ‘कुलमुखत्यार’ दिला आहे, तो त्यांनी खुशाल ठेवावा. आमचं कूळ त्यांनी सोडावं.

यात माझं एक लाडकं मत आहे. कन्नडमध्ये ‘ओक्कलु’ शब्दात घर, कुटुंब, वहिवाट आणि शेतकरी हे सगळं एकत्र नांदतं. कर्नाटकातला ओक्कलिग समाज त्यातूनच झाला. देवगिरीच्या यादवांचं राज्य दोन्ही भाषांवर पसरलेलं होतं, त्यांचे लेख दोन्ही भाषांत आहेत. मला वाटतं, संस्कृत ‘कुल’ मराठीत आल्यावर त्याला खंडकऱ्याचा अर्थ चिकटला तो या कन्नड शेजाराने. संस्कृतात मापापर्यंत आलेला शब्द पुढचं पाऊल आपल्याकडेच का टाकतो? हिंदीत कुल आहे, कुळवहिवाट नाही. याचं उत्तर फक्त संस्कृतातून शब्द काढणाऱ्या पंडितांनी द्यावं. ते ‘अर्थविस्तार’ म्हणून गप्प बसतात. कशाच्या धक्क्याने झाला विस्तार, ते बोला!

आणि विदर्भात तर हा शब्द कायद्याच्या तोंडचा आहे. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली. पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर १९५८ साली विदर्भासाठी वेगळा कुळवहिवाट कायदा झाला. आजोबांच्या पेटीतले कागद काढून बघा, त्या एका शब्दावर किती शाई सांडली आहे ती दिसेल.

आता एल्फ. २०१४च्या पुस्तकाप्रमाणे एल्फ साडेसातशे वर्षं जगू शकतो, ड्वॉर्फ सरासरी साडेतीनशे, आणि माणूस शंभरीलाही क्वचित पोचतो. आज शेवटच्या घटका मोजणारा एल्फ म्हणजे तेराव्या शतकात, यादव राजा रामचंद्राच्या काळात जन्मलेला. रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातला त्या काळचा शिलालेख कोरला जाताना तो समोर उभा असता. अशा माणसाशी (म्हणजे एल्फाशी) बांधाचा दावा कोण जिंकणार? तुमच्या बाजूने पणजोबांची ऐकीव गोष्ट, त्याच्या बाजूने तो स्वतः. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर त्याच्या एका हयातीत माणसाच्या तीस पिढ्या त्याला खंड भरतील. जिथे जमीन हीच संपत्ती, तिथे तलवार न काढता एल्फ धनी होतात आणि माणसं कुळं होतात. माणसाच्या हाती एकच गोष्ट, संख्या. एल्फ शंभरीच्या सुमाराला सज्ञान मानला जातो, तोवर माणसांची चौथी पिढी हिंडू लागते. कसेल त्याची जमीन, ही मागणी त्या राज्यात कोण करणार हे वेगळं सांगायला नको. ऑर्कांच्या स्वाऱ्यांपेक्षा मला ही गोष्ट खेळायला आवडेल.

तुमच्यातला कोणी विज्ञानवाला म्हणेल, एकाच अन्नावर दोघे जगत असतील तर एक संपतोच. बरोबर. गाउसे या रशियन शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात पॅरामेशियम या एकपेशीय जिवावर ते दाखवलं: एका नळीत दोन जाती ठेवल्या तर एकच उरली, पण त्यांतल्या एकीबरोबर तळाचं खाणारी तिसरी जाती ठेवली, तेव्हा दोघी टिकल्या. म्हणून ड्वॉर्फ आणि एल्फ शेजारी राहू शकतात. ड्वॉर्फाला अंधारात दिसतं. त्याला मनसरच्या मॅंगनीजच्या खाणीत पाठवा, वरच्या धानाशी त्याला देणंघेणं नाही.

पण इथे एक सावधगिरी. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी मल्होत्रा यांनी १९८३ साली मांडलं होतं की आपल्याकडचे समाजही असेच वाटून घेऊन राहत: फासेपारधी फासे लावून काळवीट आणि पाखरं धरणार, नंदीवाले कुत्रे घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारणार, वैदू मुंगूस-उदमांजरासारखे लहान प्राणी पकडणार. निरीक्षण पक्कं आहे. त्यावरून ‘बघा, किती समजुतीने राहत होते’ असं जे काढतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. वाटणी कोणी ठरवली, आणि दुसऱ्याच्या वाटणीत पाय घातला तर काय होई, हे त्या तक्त्यात येत नाही. ही माणसं होती, एकाच जातीची, जीवशास्त्राच्या अर्थाने. ड्वॉर्फांना खाणीत टाकाल तेव्हा त्यांच्यातल्या एकीला शेती करायची आहे असं लिहा, आणि पटवाऱ्याकडे पाठवा.

गुण्यागोविंदाचं राहिलंच. लिहा, पण एल्फांच्या तोंडी घाला. कुळांच्या तोंडी तो शब्द शोभत नाही.

आणि नकाशावर लिहिताना: ‘कूळ’ दीर्घ, ‘कुळाचा, कुळांना, कुळं’ ऱ्हस्व. गरीब-गरिबाला तसंच. ‘कुल’ असा संस्कृत शब्द जसाच्या तसा घेतला तर पहिल्यापासून ऱ्हस्व.