पिल्लाला वळण लावताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी उत्तरांसाठी निवडलेली सर्व पत्रे वर्षाच्या आतील कुत्र्याच्या पिल्लांविषयी आहेत. तक्रारी निरनिराळ्या असल्या, तरी ती एकापाठोपाठ वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. ‘पिल्लू ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ते आपणच नकळत शिकवलेले वागत असते. त्यामुळे पुढील उत्तरांत पिल्लाइतकेच घरातील माणसांच्या वागण्याविषयीही लिहिले आहे.

प्रश्न : आमचे पिल्लू अडीच महिन्यांचे आहे. बाहेर नेले की अर्धा तास नुसते हुंगत फिरते आणि घरात पाऊल टाकताच सतरंजीवर शू करते. त्याचे नाक तिथे नेऊन रागावलो, तर आता ते सोफ्यामागे जाऊन शू करू लागले आहे. रागावल्यावर कान पाडून बसते, म्हणजे चूक त्याला कळते. मग पुन्हा तेच का करते?

उत्तर : कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरून बसणे याचा अर्थ आपण ‘चूक कळली’ असा लावतो. प्रत्यक्षात समोरच्याचा राग निवावा म्हणून कुत्रे तसे करते. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांना खाऊला तोंड लावण्याची मनाई करून मालकांना खोलीबाहेर नेले होते. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही याविषयी काही मालकांना मुद्दाम चुकीचे सांगण्यात आले. कुत्र्याचा ‘अपराधी’ चेहरा खाऊ खाल्ल्यामुळे नव्हे, तर मालक रागावल्यामुळे होतो, असे त्यातून दिसले. ज्यांनी खाऊला स्पर्शही केला नव्हता, ती कुत्रीसुद्धा बोलणी खाल्ल्यावर तशीच दिसली.

आता सोफ्याचे कोडे उलगडते. आपण रागावलात तेव्हा पिल्लाने ‘सतरंजीवर शू करू नये’ ही गोष्ट शिकली नाही. माणसाच्या देखत शू केली की संकट ओढवते, एवढीच खूणगाठ त्याने बांधली. म्हणून घरात ते आडोसा शोधते. आणि बाहेर तर त्याच्या पट्ट्याचे दुसरे टोक आपल्याच हातात असते, त्यामुळे आपल्यासमोर शू करायला ते तिथेही धजावत नाही. रागावणे आजपासून पूर्णपणे थांबवल्याशिवाय बाकीचा कोणताही उपाय लागू पडणार नाही.

त्यानंतरचे काम वेळापत्रकाचे आहे. पिल्लाचे वय जितके महिने असेल, त्यात एक मिळवून येतील तितके तास ते फार तर शू धरून ठेवू शकते, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. परंतु तो निवांत पडलेल्या पिल्लाचा आहे. जागे असलेल्या, खेळणाऱ्या पिल्लाला तासाभराने, कधी त्याहूनही लवकर बाहेर न्यावे लागते. झोपेतून उठल्याबरोबर, खाणे झाल्यावर थोड्याच वेळात, खेळ संपताच आणि रात्री निजण्यापूर्वी या वेळा कधीही चुकवू नयेत. खाल्ल्यानंतर आतड्यांना चालना मिळते, त्यामुळे खाण्याच्या वेळा ठरलेल्या असल्या की शीच्या वेळाही आपोआप ठरतात. दिवसभर भांडे भरलेले ठेवणाऱ्या घरात हे साधत नाही. या वयात मध्यरात्री एकदा उठणेही बहुधा भाग पडते.

पिल्लू आगाऊ सूचना देते, ती मात्र पाहावी लागते. रंगात आलेला खेळ ते एकाएकी सोडते, नाक जमिनीला टेकवते, दोन पावले पुढे जाऊन मागे वळते, त्याच जागी एक छोटी घिरटी घेते आणि मग मागचे पाय किंचित वाकतात. नाक टेकण्यापासून पाय वाकण्यापर्यंत कित्येकदा काही क्षणच मिळतात. तेवढ्यात त्याला शांतपणे उचलून बाहेर न्यावे. बाहेर दर वेळी एकाच जागी उभे राहावे आणि त्याच्याशी खेळू नये. त्याचे काम होताच, तिथेच, एक-दोन सेकंदांत कौतुक करून खाऊ द्यावा. घरी परतल्यावर दिलेला खाऊ हा त्याच्या लेखी घरी परतल्याबद्दलचा असतो. आणखी एक पथ्य आहे, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही: शू झाल्याबरोबर लगेच घरी फिरू नये. तसे केल्यास ‘शू केली की फिरणे संपते’ हे पिल्लू शिकते आणि लांबणीवर टाकू लागते. उलट शू झाल्यावरच खरे हुंदडणे सुरू व्हावे.

सतरंजी धुताना अमोनियायुक्त द्रव वापरू नये, कारण त्याचा वास मूत्राशी मिळताजुळता असतो. पाळीव प्राण्यांसाठीचे एन्झाइमयुक्त क्लीनर अधिक उपयोगी पडतात. अनेक आठवडे स्वच्छ राहिलेले पिल्लू अचानक वरचेवर थेंब थेंब शू करू लागले, तर ती सवयीची बाब न मानता मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : साडेतीन महिन्यांची आमची कुत्री मुलांचे हात आणि पायाचे घोटे सारखी चावते. संध्याकाळी तर ती अक्षरशः अंगात आल्यासारखी धावत सुटते. ती आक्रमक होणार का?

उत्तर : या वयातील अशा चावण्यावरून आक्रमकपणाचे भाकीत करू नये. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. शिवाय जबड्याचा जोर किती लावायचा हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकत असते. जोरात चावले की दुसरे पिल्लू किंचाळते आणि खेळ सोडून जाते. आठ आठवड्यांचे होण्याआधीच आईपासून तोडलेल्या पिल्लाचे हे शिक्षण अर्धवट राहते आणि ते आपल्याला पुरे करावे लागते.

त्याची रीतही भावंडांसारखीच ठेवावी. दात कातडीला लागताच हात सैल सोडावा, काही न बोलता उठावे आणि पंधरा-वीस सेकंद त्याच्या आवाक्याबाहेर जावे. परत येताना हातात चघळायचे खेळणे असावे. हात झटकून मागे घेतला किंवा ओरडून तोंडावर चापट मारली, तर पिल्लाला तो खेळाचाच भाग वाटतो, नाहीतर हाताची धास्ती बसते. या दोन्ही गोष्टी पुढे महागात पडतात. मुले किंचाळत पळतात तेव्हा तिला पाठलागाचा खेळच मिळतो, म्हणून पाय रोवून, हात छातीशी घेऊन उभे राहायला मुलांना शिकवावे आणि मोठ्या माणसाने जवळ असावे. घरात एकाने हाताशी झोंबाझोंबी खेळायची आणि दुसऱ्याने त्याबद्दलच रागवायचे, असे चालले तर पिल्लू काहीही शिकत नाही.

संध्याकाळच्या धुमाकुळाविषयी मला वेगळे सांगायचे आहे. पिल्लांना दिवसाचे अठरा तासांच्या आसपास झोप लागते, आणि माणसांनी भरलेल्या घरात ती मिळत नाही. माझ्या पहिल्या कुत्र्याला मी अशा वेळी अधिक पळवत असे आणि तो अधिकच चावत असे. पुढे एकदा मी दिवा मंद केला, त्याला त्याच्या अंथरुणावर ठेवले आणि शेजारी नुसती बसून राहिले. दोनदा तो उठला, एकदा चादरीचे टोक ओढले, मग एक मोठा सुस्कारा टाकून पाच मिनिटांत गाढ झोपला. पेंगुळलेले मूल जसे किरकिरते, तसे पेंगुळलेले पिल्लू चावते. आपल्या पिल्लाला दुपारी सलग, कुणीही हात न लावता झोपू द्यावे आणि आठवडाभर फरक पाहावा.

प्रश्न : पिल्लू दहा आठवड्यांचे असून लसीकरण अपूर्ण आहे. सर्व लसी होईपर्यंत त्याला घराबाहेर काढू नये, असे सारे सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर : रोगाच्या दृष्टीने ही काळजी रास्त आहे, पार्व्होसारखा आजार पिल्लाच्या जिवावर बेततो. परंतु पिल्लाच्या मनाचेही एक वेळापत्रक असते आणि ते लसीकरणासाठी थांबत नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीत निर्णायक असतो, असे त्यांना आढळले. या काळात जी माणसे, आवाज, जमिनी आणि प्राणी त्याच्या ओळखीचे होतात, त्यांची भीती पुढे सहसा वाटत नाही. लसींची मालिका मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्यापुढेही चालते. म्हणजे ती संपण्याची वाट पाहिली, तर शिकण्याचा हा काळ हातचा निघून जातो. म्हणूनच प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये अशी भूमिका घेतली की लसीकरण पूर्ण होण्यापूर्वीच सामाजिक ओळखी सुरू कराव्यात, आणि पहिल्या लसीनंतर किमान सात दिवसांनी पिल्लांच्या वर्गात जाण्यास हरकत नाही.

यातून मधला मार्ग निघतो. पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता दाखवावा. अनोळखी कुत्र्यांची विष्ठा असेल अशा जागी जमिनीवर सोडू नये. ज्यांच्या लसी पूर्ण आहेत अशा शांत स्वभावाच्या कुत्र्यांशी त्याची भेट घडवावी. टोपी घातलेला, काठी टेकणारा, दाढीवाला, गणवेशातील अशी निरनिराळी माणसे त्याने पाहावीत. मोठे आवाज आधी दुरून ऐकवावेत. मात्र ओळख करून देणे म्हणजे समोर ढकलणे नव्हे. पिल्लू मागे सरकले, तर अंतर वाढवावे आणि ते आपण होऊन पुढे येईल तेव्हा खाऊ द्यावा. घाबरलेल्या पिल्लाला दहा जणांनी आळीपाळीने उचलून घेतले, तर त्याला माणसांची सवय होत नाही, माणसांचा धसका बसतो. आपल्या परिसरात कोणत्या रोगांची साथ आहे, हे पशुवैद्यांना विचारून बाहेरच्या जागा ठरवाव्यात. रेबीजच्या लसीत कोणतीही दिरंगाई करू नये.

प्रश्न : पाच महिन्यांचा आमचा कुत्रा जेवताना भांड्याजवळ गेले की गुरगुरतो. एका परिचितांनी सांगितले की त्याला उताणा पाडून दाबून धरावे, म्हणजे घरात मालक कोण हे त्याला कळेल. तसे करावे का?

उत्तर : कृपया मुळीच करू नये. या सल्ल्यामागची ‘कळपाचा प्रमुख’ ही कल्पना प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांविषयी केलेल्या लेखनातून रूढ झाली. एकमेकांना अनोळखी असलेले लांडगे एका आवारात कोंडल्यावर त्यांच्यात झगडे होणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की नैसर्गिक कळप हे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. कुत्रे तर लांडगाही नाही.

आपल्या कुत्र्याला घर ताब्यात घ्यायचे नाही. अन्न हिरावले जाईल अशी भीती त्याला वाटते. भांडे ओढून घेऊन आपण ती भीती खरी ठरवतो. यापुढे तो खात असताना त्याचे अंग ताठरणार नाही इतक्या अंतरावरून जाता जाता त्याच्या आवडीचा एखादा तुकडा भांड्याकडे टाकावा आणि न थांबता पुढे जावे. माणूस जवळ आला की भर पडते, हे त्याच्या अंगवळणी पडू लागले की अंतर दिवसागणिक थोडे थोडे कमी करावे. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नये, कारण ती इशाऱ्याची भाषा आहे; ती बंद पाडलेला कुत्रा पुढे इशारा न देता चावतो. तोपर्यंत मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये, आणि त्याने एकदाही दात लावला असल्यास वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्यांची मदत घ्यावी.

प्रश्न : आठ महिन्यांची आमची कुत्री पूर्वी हाक मारताच येत असे. आता मैदानात ती बघते आणि खुशाल उलट दिशेने जाते. आधीचे शिक्षण वाया गेले का?

उत्तर : वाया गेलेले नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की आठ महिन्यांच्या सुमारास कुत्री आपल्या सांभाळणाऱ्या माणसाची ‘बस’ ही आज्ञा पूर्वीपेक्षा कमी पाळतात, अनोळखी माणसाची मात्र पाळतात. वयात येण्याचा हा काळ ओसरतो. धीर सोडून मारझोड करणारी किंवा कुत्रे सोडून देणारी माणसे नेमकी याच टप्प्यावर तसे करतात, याचे मला फार वाईट वाटते.

आपण मात्र एक तपासून पाहावे: मैदानात आपण तिला हाक केव्हा मारता? बहुतेक जण निघायची वेळ झाली की हाक मारतात, ती आली की पट्टा लावतात आणि खेळ संपतो. काही आठवड्यांत ‘ये’ या शब्दाचा अर्थ ‘मजा संपली’ असा होतो. त्यामुळे एका फेरीत पाच-सहा वेळा तिला बोलवावे, आल्यावर उत्तम खाऊ द्यावा आणि पुन्हा खेळायला सोडावे. पट्टा त्यांतल्या एकाच वेळी लागावा. उशिरा आली तरी रागावू नये, कारण ते रागावणे तिच्या पळण्याला नव्हे, येण्याला चिकटते. जुना शब्द फारच बिघडला असेल, तर नवा शब्द निवडून घरातल्या घरात पहिल्यापासून सुरुवात करावी. हाकेवर दहापैकी नऊ वेळा येईपर्यंत तिला हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घालून लांब दोरीवर ठेवावे. लांब दोरी गळपट्ट्याला बांधू नये; हिसका बसला तर मानेला इजा होते.

प्रश्न : पिल्लू एकटे राहतच नाही. आम्ही बाहेर पडलो की रडून गोंधळ घालते.

उत्तर : ‘रडू द्या, सवय होईल’ हा सल्ला मानू नये, भीती अशाने बळावते. पट्टा, चावी, चप्पल या निघण्याच्या खुणा दिवसातून अनेकदा कराव्यात आणि बाहेर न जाता खाली बसावे. नंतर दाराबाहेर पाच सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट, असे वाढवत जावे आणि मधूनच वेळ पुन्हा कमी करावा. घरात मोबाइल ठेवून चित्रण केल्यास ते नेमके कितव्या मिनिटाला अस्वस्थ होते हे दिसते. ते दोन मिनिटांनी अस्वस्थ होत असेल, तर दुसऱ्या दिवशी सव्वा मिनिटात परत यावे.