‘विष आढळले नाही’ म्हणजे विष नव्हतेच का?

प्रश्न : आमचे दोन्ही कुत्रे एका रात्रीत गेले. तोंडाला फेस होता. शवविच्छेदनानंतर जठर, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे फॉर्मेलिनच्या एकाच बरणीत घालून प्रयोगशाळेत पाठवले. अहवालात ‘विष आढळले नाही’ असे लिहिले आहे. आता शंका सोडून द्यायची का?

उत्तर : नाही. या अहवालावरून विष होते असेही म्हणता येत नाही आणि नव्हते असेही. चूक बरणीतच झाली आहे.

फॉर्मेलिन हे अवयव टिकवणारे द्रावण सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी असते. त्यात बुडालेल्या तुकड्यांतून बरीचशी विषे ओळखणे कठीण होऊन बसते. रासायनिक तपासणीला ताजा, उणे २० अंशांवर गोठवलेला नमुना लागतो. शिवाय अवयव एकत्र ठेवले की जठरातले विष यकृताच्या तुकड्यात उतरते. जठरातले विष ‘खाल्ले’ एवढेच सांगते, तर यकृतातले किंवा लघवीतले विष ‘अंगात भिनले’ हे दाखवते. हा फरकच पुसला गेला, तर पुराव्याची धार जाते.

म्हणून प्रत्येक नमुन्याला वेगळी बरणी हवी. जठरातील सगळे अन्न, यकृत आणि मूत्रपिंड प्रत्येकी सुमारे १०० ग्रॅम (लहान कुत्र्याचे मूत्रपिंड अख्खेच घ्यावे), मिळेल तेवढी लघवी, थोडी चरबी. मेंदूचा अर्धा भाग गोठवायचा, उरलेला अर्धा फॉर्मेलिनमध्ये. फॉर्मेलिनमध्ये जाणाऱ्या इतर अवयवांचे तुकडे एक सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत आणि द्रावण त्यांच्या दहापट हवे, नाहीतर ते आतून सडतात.

सगळी विषे एकदम शोधणारी चाचणी नसते. कशाचा संशय आहे, हे प्रयोगशाळेला सांगावे लागते. लाळ, जुलाब, थरथर आणि बारीक झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या दिसल्या असतील, तर ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट कीटकनाशकाचा संशय घ्यावा आणि मेंदूतील कोलिनएस्टरेज (ही कीटकनाशके निकामी करतात ते विकर, म्हणजे एन्झाइम) मोजून घ्यावे. कार्बामेट मात्र फसवते : नमुना उबेत राहिला तर हे विकर पुन्हा सक्रिय होते आणि आकडा सामान्य येतो. रक्त गोठू न देणाऱ्या उंदीरनाशकाने मृत्यू बहुधा तीन ते सात दिवसांनी येतो. तोवर जठरात काही उरत नाही, म्हणून यकृतच तपासावे. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदीरनाशकापासून होणारा वायू उडून जातो, त्यामुळे बरणी हवाबंद हवी. तो वायू शव उघडणाऱ्यालाही घातक असतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करावे.

फेसावर भिस्त ठेवू नका. फुफ्फुसात पाणी साचले की फेस येतो, मग कारण उष्माघात असो वा विजेचा धक्का.

गोठवलेला एखादा नमुना कुठे शिल्लक आहे का, हे आजच विचारा. बरणीतले तुकडेही टाकू देऊ नका. इथिलीन ग्लायकॉल (गाडीच्या रेडिएटरमधले शीतक) पोटात गेले असेल, तर मूत्रपिंडातले ऑक्झलेटचे स्फटिक त्यातही दिसू शकतात.

प्रश्न : मृत्यू रात्री झाला, तर शव फ्रीझरमध्ये ठेवावे का?

उत्तर : शक्यतो नको. बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात. दुहेरी पिशवीत घालून ४ अंशांवर ठेवा. शवविच्छेदनाला एक-दोन दिवसांहून जास्त उशीर होणारच असेल, तरच गोठवा. धुऊ नका, केसांवरही विष असते. ओकारी आणि आसपास सापडलेले आमिष यांचे आधी जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मग हातमोजे घालून ते वेगवेगळ्या डब्यांत भरा, सील करा आणि त्यावर तारीख, वेळ, जागा व सही घाला. पुढे डबा ज्याच्या ज्याच्या हाती जाईल, त्या प्रत्येकाची सही घ्या.