तिसऱ्यांदा विचारण्याचा संकोच

परदेशात नोकरीसाठी गेलेली अनेक मंडळी माझ्यापुढे एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत मांडतात. इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊनही तिथल्या माणसांचे बोलणे आपल्याला का कळत नाही, आणि आपले इंग्रजी मुळातच कच्चे आहे का, असे त्या विचारतात. एका परिचारिकेच्या अनुभवातून याचे उत्तर देणे मला अधिक योग्य वाटते. त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मराठी शाळेत शिकलेल्या आणि मिरजेत बरीच वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या या बाई न्यूझीलंडमधल्या एका रुग्णालयात रुजू झाल्या आणि काही महिन्यांनी व्हिडिओ कॉलवरून माझ्याशी बोलू लागल्या. “मॅडम, हँडओव्हरची वेळ झाली की माझ्या पोटात गोळा येतो,” असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. ड्यूटी संपवून निघालेली परिचारिका भराभर रुग्णांची माहिती देई आणि त्यातले बरेचसे यांच्या हाती लागत नसे. त्या एकदा विचारत, दुसऱ्यांदा संकोचत विचारत आणि तिसऱ्या वेळी कळल्यासारखी मान हलवून गप्प बसत. नंतर सगळे फाइलमध्ये तपासून घेत असल्यामुळे चूक अशी घडली नव्हती. परंतु घरी गेल्यावर आपण काही भलतेच तर ऐकले नाही ना, या विचाराने त्यांना झोप लागत नसे.

कानात काही दोष नाही, याची मी आधी तपासणी करवून खात्री करून घेतली. त्यानंतर त्यांना एक वही ठेवायला सांगितली, जिच्यात एका बाजूला ऐकू आलेला शब्द आणि समोर खरा शब्द लिहायचा होता. ‘बेड सिक्स’ त्यांना ‘बिड सक्स’ असे ऐकू येई, दहाचा ‘टेन’ हा ‘टिन’ होई, दुखण्याचा ‘पेन’ थेट ‘पाइन’ होई, तर ‘चेअर’ आणि ‘चिअर’ यांत काही फरकच जाणवत नसे. वही भरत गेली तशी एक गोष्ट त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आली, की हा गोंधळ वाटेल तसा नसून नेमाने होणारा आहे. न्यूझीलंडच्या इंग्रजीत ऱ्हस्व स्वर रांगेतल्या माणसांसारखे एकामागून एक सरकले आहेत. ‘बॅड’ सरकून ‘बेड’च्या जागी आला, म्हणून ‘बेड’ला ‘बिड’कडे आणि ‘बिड’ला आणखी मागे जावे लागले. परीक्षेतल्या ध्वनिमुद्रणात माणसे स्वच्छ, सावकाश आणि गडबडीविना बोलतात. वॉर्डात तोंडावर मास्क असल्याने ओठ दिसत नाहीत, आणि ऐकण्यात डोळ्यांचाही वाटा असतो, हे तर मॅकगर्क आणि मॅक्डोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्येच दाखवून दिले आहे.

तथापि उच्चारांचे हे स्पष्टीकरण पुरेसे नव्हते. त्यांची झोप ‘सक्स’मुळे उडाली नव्हती, तर पुन्हा विचारणे म्हणजे आपले अज्ञान कबूल करणे, या समजुतीमुळे उडाली होती. “शाळेत पुन्हा विचारले की बाई म्हणायच्या, लक्ष कुठे होते?” असे त्या एकदा हसत म्हणाल्या. माझ्या मते आपल्याकडच्या पुष्कळ हुशार माणसांना हीच सवय नडते.

त्यांना मी वैमानिकांचे उदाहरण दिले. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन 583 माणसे दगावली. डच वैमानिक आणि स्पॅनिश नियंत्रक दोघेही इंग्रजीतच बोलत होते, तरी ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाच्या एका वाक्यातून दोघांनी निरनिराळे अर्थ घेतले. त्या अपघाताची इतरही कारणे होती. पण त्यानंतर ठरावीक शब्दच वापरणे आणि मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवणे यांवर अधिक भर दिला गेला. वैमानिक सूचना परत म्हणतो म्हणून त्याला कोणी कच्चा समजत नाही.

मग आम्ही विचारण्याची रीत बदलली. नुसते ‘सॉरी?’ म्हटले की समोरचा माणूस तेच वाक्य तितक्याच वेगाने, फक्त मोठ्या आवाजात म्हणतो. त्याऐवजी त्या जेवढे कळले तेवढे उच्चारून नेमकी राहिलेली जागा विचारू लागल्या: “सहा नंबरच्या रुग्णाला रात्री किती मिलिग्रॅम?” पंधरा आणि पन्नास यांच्या इंग्रजी उच्चारांत घोटाळा होण्याचा धोका असल्याने ‘एक-पाच’ की ‘पाच-शून्य’ असे अंक सुटे करून खात्री करू लागल्या. घरी सरावासाठी तिथल्या मालिका पाहाव्यात आणि उपशीर्षके इंग्रजीच ठेवावीत, असे मी सुचवले. कारण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डच प्रेक्षकांना ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश उच्चारांची सवय व्हायला इंग्रजी उपशीर्षकांची मदत झाली होती, मातृभाषेतल्या उपशीर्षकांनी मात्र नवे शब्द ओळखताना उलट अडथळाच आणला होता.

घोटाळा दुसऱ्या बाजूनेही होत होता. शब्दाच्या आरंभी येणारा ‘प’ इंग्रजी बोलणारे किंचित श्वास सोडून उच्चारतात, त्यामुळे आपला साधा मराठी ‘प’ त्यांना ‘ब’सारखा वाटू शकतो, आणि यांनी ‘पिल’ म्हटले की एक आजोबा ‘बिल’ कसले म्हणून विचारत. एकदा तर प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकूनही अर्थ चुकला असता. एका आजींनी गोळी ‘टी’नंतर घेईन म्हणून सांगितले, या परिचारिका बाई दुपारच्या चहानंतर गोळी घेऊन गेल्या, तेव्हा तिथल्या अनेक घरांत संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात, हे त्यांना कळले.

हँडओव्हरची धास्ती आता बरीच ओसरली आहे. फोन मात्र अजूनही जड जातो, त्यामुळे औषधाविषयीचा निरोप फोनवर आला की त्या तो लिहून घेतात, पलीकडच्या व्यक्तीला वाचून दाखवतात आणि तिने होकार दिल्यावरच फोन ठेवतात.