पीएचडी संपत आली आहे. विद्यापीठात पोस्टडॉकच्या जागा नक्की कुठे शोधायच्या? कोणत्या साइट्स बघायच्या?

साइट्स आधी सांगून टाकते. नेचर करिअर्स, युरोपसाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके. खगोलशास्त्रात असाल तर अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर, कणभौतिकीत असाल तर इन्स्पायर. अलर्ट लावा आणि विसरून जा. प्रायोगिक विज्ञानात जाहिरात निघते तेव्हा बऱ्याचदा माणूस ठरलेला असतो. म्हणून जाहिरातीची वाट न बघता थेट प्राध्यापकालाच मेल टाका.

हे आमच्या गाइडना कधीच पटलं नाही. ओळख ना पाळख, अशा प्राध्यापकाला मेल टाकणं त्यांच्या लेखी भीक मागणं. "जागा असेल तर जाहिरात देतीलच ना!" हे आमच्या लॅबमध्ये प्रत्येकाने ऐकलंय.

मी प्रोटीन क्रिस्टलोग्राफीतली, म्हणजे प्रथिनांचे स्फटिक करून त्यांची रचना शोधणारी. एका ग्रुपचं स्ट्रक्चर पीडीबीवरून (प्रथिनांच्या रचनांचा खुला संग्रह) उतरवून बघत होते, तर एका लूपची, म्हणजे साखळीतल्या एका वळणाऱ्या तुकड्याची, डेन्सिटी (अणू कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा) अगदीच फिकी. त्यांनी तो लूप एकाच वळणात बसवला होता. माझ्या क्रिस्टल्समध्ये तोच दोन रूपांत दिसायचा. त्या ग्रुपच्या प्रमुख बाईंना मेलमध्ये तेवढंच लिहिलं: हे तुमचं, हे माझं, चित्र जोडलंय, लिगंड (प्रथिनाला चिकटणारा रेणू) नसताना हा उघडा राहत असेल का? 'मी मेहनती आणि जिज्ञासू आहे' छापाचं एक वाक्य नाही. नोकरीचा विषय शेवटच्या ओळीत.

उत्तर आलं: सध्या पैसे नाहीत, पण युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपचा अर्ज मिळून लिहू या. त्याची मुदत सप्टेंबरात संपते, आणि त्याआधीच्या ३६ महिन्यांत, जिथे जायचंय त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. अख्खा उन्हाळा त्या अर्जात गेला. ८५ टक्के गुण मिळूनही निधीत न बसलेल्यांना 'सील ऑफ एक्सलन्स' नावाचं प्रमाणपत्र देतात. ते माझ्याकडे आहे. पण तोवर त्या बाईंना माझं काम आणि माझा हट्ट दोन्ही कळले होते. पुढे त्यांची ग्रांट आली, विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे जाहिरात काढावी लागली. 'अपेक्षित अनुभव' वाचला, तर तो माझाच सीव्ही!

गंमत म्हणजे ती जाहिरात आमच्या गाइडनीच सगळ्या लॅबला फॉरवर्ड केली: "बघा, जागा असली की जाहिरात येते." तेव्हा मी गप्प बसले. आज इथे बोलतेय.

आता, सर अगदीच चूक होते असंही नाही. खगोलशास्त्रात किंवा सैद्धांतिक भौतिकीत मोठ्या फेलोशिप्स खरोखर जाहिरातीतूनच भरतात, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत अर्ज जातात. तिथे माझी युक्ती फारशी चालणार नाही. जीवशास्त्रात राहून विषयच बदलायचा असेल तर एचएफएसपी (ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम) फेलोशिप बघा, पीएचडीपेक्षा वेगळं काम हीच तिथली अट.

आणि गाइडशी वाद घालायचाच असेल तर शिफारसपत्र गेल्यावर घाला. त्यांचं पत्र नसलं की समोरचा लगेच कान टवकारतो.

मुलाखतीत पगार कुठल्या ग्रांटमधून येणार आणि ती कधी संपते, हे न लाजता विचारा. तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या पोस्टडॉकशी फोनवर बोला. मेलवर कोणी खरं लिहीत नाही.