तोच ब्रॅकेट सारखा का निघतो? आधी त्याची मागची बाजू बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला कोल्हापुरात ब्रेसेस लावल्यात, खालच्या दुसऱ्या उपदाढेचा ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) तिसऱ्यांदा निघाला. डॉक्टर म्हणतात ऊस खाल्ला असेल, मुलगी म्हणते खाल्लाच नाही. मग चूक कुणाची?

कुणावर ठपका ठेवण्याआधी निघालेला ब्रॅकेट न घासता उजेडात धरा. मागे बारीक जाळी दिसेल. ती कंपोझिटने (ब्रॅकेट चिकटवायची, लाइटने कडक होणारी पेस्ट) भरलेली असेल आणि दात स्वच्छ असेल, तर पकड दाताच्या बाजूने सुटली. याचं कारण बहुतेक वेळा ओलावा. जाळी उघडी आणि कंपोझिट दातावरच राहिलं असेल, तर पेस्ट जाळीत नीट दाबली गेली नाही, लाइट मारताना ब्रॅकेट हलला, लाइट कमी पडला किंवा वरून जोराचा दाब आला.

हे कळायला ब्रॅकेट बसतो कसा ते माहीत हवं. तेल आणि फ्लोराइड नसलेल्या प्युमिसने (बारीक दगडी पूड) दात घासून धुतात. मग ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं जेल साधारण ३० सेकंद ठेवतात. (अ‍ॅसिड म्हटलं की पालक दचकतात, पण इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, अ‍ॅसिड लावून पकड मिळवायची कल्पना १९५५ पासूनची आहे, आणि ब्रॅकेटबाहेर राहिलेला खरबरीत भाग लाळेतल्या क्षारांनी हळूहळू भरून येतो.) १५-२० सेकंद पाण्याने धुऊन हवेने सुकवलं की तेवढा भाग खडूसारखा पांढरा, निस्तेज दिसायला हवा. तसा दिसला नाही तर एचिंग, म्हणजे हे जेल लावणं, पुन्हा करायचं, पुढे जायचं नाही. अ‍ॅसिडने इनॅमलमध्ये सूक्ष्म छिद्रं पडतात, प्रायमर (पेस्टआधी लावायचं पातळ द्रव) त्यांत शिरून घट्ट होतो आणि सगळी पकड तिथेच असते.

हा सुकलेला पांढरा दात ब्रॅकेट बसेपर्यंत कोरडा राहणं हाच खरा कळीचा मुद्दा. लाळेचा नुसता स्पर्श झाला तरी काही सेकंदांत प्रथिनांचा थर बसतो आणि छिद्रं बुजतात. नुसती हवा मारून तो जात नाही. धुऊन, थोडा वेळ पुन्हा एचिंग करून, परत सुकवावं लागतं. खालची दुसरी उपदाढ यासाठी सगळ्यात त्रासाची जागा. एकीकडे जीभ, दुसरीकडे गाल, आणि लहान वयात दात पुरता वर आलेला नसला की हिरडीतूनही पाझर येतो. तिथे कॉटन रोल वेळेवर बदलणं, सक्शन सतत चालू असणं आणि जीभ आवरणारी असिस्टंट हे सगळं लागतं.

प्रायमरचा हात पातळच हवा, जाड झाला तर ब्रॅकेट घसरतो. ब्रॅकेट दाबून बसवायचा, कडेने आलेली पेस्ट प्रोबने (टोकदार अवजाराने) काढायची (राहिली तर तिथे कीटण साठून हिरडी सुजते) आणि मग एलईडी लाइट दोन्ही बाजूंनी साधारण दहा-दहा सेकंद. लाइट सुरू झाल्यावर हात लावायचा नाही.

आता ऊस. सोलताना जोर सुळा आणि उपदाढांवरच येतो, म्हणून डॉक्टरांची शंका निराधार नाही. मटणाची नळी चोखणं आणि भाजके चणे हेही तसेच. तांबड्या-पांढऱ्याचा नुसता रस्सा खुशाल प्या. हळदीने ब्रॅकेटवरची रबरं पिवळी पडतील, पकडीला काही होणार नाही.

पण बाकीचे ब्रॅकेट शाबूत आणि एकच परत परत निघतोय, तर मी खाण्याआधी ओलावा आणि चावा तपासेन. डॉक्टरांना चाव्याचा रंगीत कागद ठेवून बघायला सांगा. वरचा दात ब्रॅकेटवर आपटत असेल तर कितीही चांगलं चिकटवा, पुन्हा निघणारच. अशा वेळी दाढांवर तात्पुरता उंचवटा देतात. दातावर फ्लोरोसिसचे (जास्त फ्लोराइडमुळे पडणारे) पांढरे-तपकिरी डाग असतील तर एचिंगला जास्त वेळ लागतो, तेही विचारा. परत बसवताना जुनं कंपोझिट बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) पूर्ण काढून ब्रॅकेट नवा घ्यावा, किंवा जुन्याची जाळी सँडब्लास्ट (बारीक कणांचा मारा करून साफ) करून घ्यावी.

तोवर ब्रॅकेट तारेवर फिरत असेल तर ओढून काढू नका, टोचत असेल तर ऑर्थो वॅक्स (ब्रेसेसवर लावायचं मेण) लावा. फेव्हिक्विक तोंडात अजिबात नको. सुटा पडला असेल तर पुडीत घालून दोन-चार दिवसांत दाखवायला न्या.