लाठीऐवजी पोलिसांच्या हातात करंटची गन दिली तर मारहाण थांबेल का?

तुम्ही विचारलंय की लाठीनं हाडं मोडतात, गोळीनं माणूस जातो, मग परदेशासारखी स्टन गन आपल्या पोलिसांना का देत नाहीत, तक्रारीच कमी होतील की. मी बेळगावात कोर्टाजवळ टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात बसतो, अर्ज लिहून देणं आणि मराठी माणसाला कन्नड कागद वाचून सांगणं हे माझं रोजचं काम, त्यात पोलिसांविरुद्धचे अर्ज पण येतात. त्यामुळं माझं उत्तर असं की गन आणायच्या आधी तिचा हिशेब कुणाकडं राहणार ते ठरवा, तो फक्त खात्याकडंच राहणार असेल तर लाठीपेक्षा ती वाईट.

आधी माझ्या मामांचं सांगतो. खानापूर तालुक्यात जांबोटीकडं जंगलातलं गाव, घरात मराठी, बाजारात मराठी, कन्नड त्यांना येतच नाही. दोन वर्षांमागं एका गावच्या जत्रेला गेलेले, गर्दीत नातू हातातनं सुटला म्हणून ते जागेवरच उभं राहून त्याला हाका मारत होते आणि बंदोबस्तावरचा पोलिस ओरडत होता 'हिंदे सरी, हिंदे सरी', म्हणजे मागं सरा. मामांना ते आपल्याला म्हणतोय हेच कळलं नाही. मांडीवर आणि पाठीवर लाठ्या बसल्या. रात्री सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरनं एमएलसी, म्हणजे पोलिस केससाठीची जखमांची नोंद केली आणि नीट लिहिलं, की दोन समांतर लाल रेघा, मधली कातडी साधी. लाठीचा वळ असाच उठतो, रेल्वेच्या रुळासारखा, हे मला तेव्हा कळलं. दोन दिवसांनी स्टेशनला बोलावून जबाब घेतला, कन्नडमध्ये, मामांनी मराठीत सही केली. कॉपी माझ्याकडं आली, वाचली तर त्यात लिहिलंय 'ढकलाढकलीत दगडावर पडलो, कुणाबद्दल तक्रार नाही'. मला तो कागद मामांना वाचून दाखवायची हिंमत होईना.

दगडावर पडून असे रूळ उठत नाहीत. माणसाकडनं काहीही लिहून घेतलं तरी वळ डॉक्टरच्या कागदावर होता, एवढा एकच पुरावा आमच्या हातात. जबाब घेताना मामांना वाचून दाखवलं का ते बघायला मी सीसीटीव्ही मागितला, 'त्या दिवशी बंद होता' असं उत्तर आलं. सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक पोलिस स्टेशनात आवाजासकट कॅमेरे लावा आणि रेकॉर्डिंग १८ महिने, निदान एक वर्ष तरी ठेवा असं सांगितलेलं आहे. मग वर अर्ज केला, तीन वेळा बोलावलं, तीनही वेळा रोप लावणीच्या दिवसांत, मामा एकदाच येऊ शकले आणि प्रकरण तिथंच राहिलं.

आता हाच प्रकार स्टन गननं झाला असता तर? परदेशात पोलिस टेझर नावाची जी स्टन गन वापरतात तिच्यातनं दाबलेल्या नायट्रोजनच्या जोरावर दोन बारीक आकडे सुटतात, मागं तारा असतात, साधारण सहा-सात मीटरपर्यंत जातात, अंगात रुतले की करंटचे ठोके बसतात. जुन्या एक्स २६ मॉडेलमध्ये सेकंदाला साधारण १९ ठोके, एकदा घोडा ओढला की पाच सेकंद. लोक ५०,००० व्होल्ट ऐकून घाबरतात पण करंट फार कमी असतो, तो माणसाला जाळत नाही, स्नायू आखडून टाकतो. माणूस ताठ होतो आणि हात पुढं न टेकता लाकडासारखा आडवा पडतो, डोकं कशावर आपटेल ते नशीब. ऑस्ट्रेलियात कूमा गावच्या वृद्धाश्रमात मे २०२३ मध्ये ९५ वर्षांच्या क्लेअर नोलँड आजींवर पोलिसानं टेझर चालवली, वॉकर धरून चालणारी बाई, हातात जेवणातली सुरी होती म्हणून. पडल्या, डोक्याला मार लागला आणि गेल्या. त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं पण जेल झाली नाही. आणि गन नुसती अंगाला टेकवून पण करंट देता येतो, मग आकडे पण रुतत नाहीत, चारदोन लाल ठिपके राहतात, कधी तेवढे पण नाहीत. मामांच्या मांडीवर रूळ उठले म्हणून डॉक्टरला लिहिता आलं, ठिपके असते तर काय लिहिलं असतं? डास चावला?

गर्दीत तर ही गन उपयोगाचीच नाही, एका वेळी एकाच माणसाला लागते. बेळगावजवळच्या येळ्ळूरला जुलै २०१४ मध्ये 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढल्यावर लाठीमार झाला, डिसेंबर २०२४ ला सुवर्णसौधजवळ, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीजवळ, पंचमसाली लिंगायतांच्या आरक्षण आंदोलनावर झाला, ते तर सगळे कन्नड बोलणारेच. तिथं गन दिली म्हणून लाठी घरी राहिली नसती. म्हणजे 'लाठीऐवजी' हा शब्दच चुकतोय, गन येईल ती लाठीच्या जोडीला येईल.

सगळ्यात जास्त मला रॉबर्ट जिकान्स्की आठवतो. पोलंडचा माणूस, ऑक्टोबर २००७ मध्ये कॅनडात व्हँकुव्हर विमानतळावर आईकडं आलेला, इंग्रजी येत नव्हती, दहाएक तास आतच अडकून पडला, आई बाहेर वाट बघून घरी गेली. वैतागून त्यानं कॉम्प्युटर, टेबल फेकलं तेव्हा चार पोलिस आले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत टेझर, एकूण पाच वेळा. तिथंच मेला. पोलिसांनी सांगितलं तो अंगावर आला, पण शेजारी उभ्या असलेल्या एका प्रवाशानं सगळं आपल्या कॅमेऱ्यावर घेतलेलं, ते बाहेर आल्यावर चौकशी बसली, निवृत्त न्यायाधीश ब्रेडवूड यांनी टेझर चालवणं योग्य नव्हतं असं म्हटलं आणि पुढं दोघा पोलिसांना शपथेवर खोटं बोलल्याबद्दल शिक्षा झाली. हे वाचलं की मला जत्रेतलं 'हिंदे सरी' ऐकू येतं. ज्याला हुकूमच कळला नाही तो हुकूम मोडतोय असं धरून त्याला मारलं, इथं लाठी तिथं करंट. आमच्याकडचे बरेच पोलिस घरी मराठीच बोलतात, दोन शब्द मराठीत म्हटले असते तर मामा सरकले असते.

पण गनची एक गोष्ट लाठीत नाही, ती मला खरंच पटते. घोडा कधी ओढला, किती सेकंद, किती वेळा, हे सगळं टेझर आपल्या आतच लिहून ठेवते, कॉम्प्युटरला लावून काढता येतं. इंग्लंडमध्ये माजी फुटबॉलपटू डॅलियन ॲटकिन्सन ऑगस्ट २०१६ मध्ये असाच गेला, पाच सेकंदांच्या जागी ३३ सेकंद करंट चालू होता. हे ३३ कुठल्या साक्षीदारानं घड्याळ बघून सांगितलं नाही, गननंच सांगितलं. वर त्याच्या डोक्यात लाथा घातल्या होत्या, पोलिसाला २०२१ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. लाठी किती वेळा उचलली ते लाठी सांगत नाही. चांगल्या पोलिसाला पण ही नोंद हवीच असणार, सौधच्या अधिवेशनात चौदा-चौदा तास उभं राहणारा शिपाई एकदाच पाच सेकंद गन चालवून थांबला तर ते पण तिथं दिसेल.

पण ती नोंद कुणाच्या कपाटात? सीसीटीव्हीसारखी 'त्या दिवशी बंद होती' झाली तर वळ पण गेला आणि हिशेब पण गेला. म्हणून माझं म्हणणं, गन द्यायचीच तर प्रत्येक वापराची नोंद चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटकडं गेली पाहिजे, ज्याला लागली त्याला कॉपी फुकट मिळाली पाहिजे, आणि ताकीद त्याला कळेल त्या भाषेत दिली होती का हा रकाना त्यात पाहिजेच. हे जास्तीचं मागणं नव्हे, नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्या. कागदाला हा नियम लागतो तर करंटला का नको?

तोवर तुमच्या ओळखीत कुणाला मार बसला, लाठीचा असो की करंटचा, त्याच दिवशी सरकारी डॉक्टरकडं जा, प्रत्येक डाग सेंटीमीटरमध्ये मोजून लिहायला सांगा, ठिपके असले तर दोघांतलं अंतर पण, आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. मानवी हक्क आयोगाकडं एक वर्षाच्या आत जायला लागतं, तारीख विसरू नका. जबाब कन्नडमध्ये असेल तर वाचणारा माणूस येईपर्यंत सही करायची नाही, तासभर बसवून ठेवलं तरी बसा.

मामांनी दहा मिनिटांत केली होती.